कॅलगरीतले संध्याकाळचे पाच

माझी धाकटी बहीण कॅनडाला जायला निघाली, त्याच्या आदल्या रविवारी आईने मला विचारलं, "किती वेळ लागतो रे तिकडं पोचायला?"

हा प्रश्न आईने सहज विचारलेला नव्हता. मी जे उत्तर देणार होतो, त्यावरून ती किती वेळ उपाशी राहणार हे ठरणार होतं. ते मला ठाऊक होतं, बहिणीलाही ठाऊक होतं. ती बॅगेत कपडे लावत होती, तिचा हात थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तुझ्या तोंडून येऊ दे, असं त्या बघण्यात होतं.

आमच्या आईची एक रीत आहे. घरातलं माणूस लांबच्या वाटेला लागलं, की ते पोचेपर्यंत ती घरात केर काढत नाही आणि जेवत नाही. चहा घेते, पाणी पिते, बाकीची सगळी कामं करते. फक्त केरसुणीला हात लावत नाही आणि ताट वाढून घेत नाही. ही रीत तिच्या आईकडून आली असावी. आम्ही मुरबाडला राहायचो तेव्हा वडील शहाडच्या एका कारखान्यात कामाला होते. सोमवारी सकाळच्या एसटीने जायचे आणि शनिवारी परत यायचे. तेव्हा पोचल्याचा निरोप कुठून येणार? पण आईचा अंदाज बांधलेला होता. ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर उतरलं, की वडील पोचले. मग ती पदर खोचून घर झाडायला घ्यायची आणि नंतर भाकरी खायची. पावसाळ्यात ऊन नसायचं, तेव्हा ती शाळेच्या घंटेवरून ठरवायची.

वडील तिला हसायचे. आम्ही विहारात जाणारी माणसं. घरात बुद्धमूर्ती, पौर्णिमेला पांढरी साडी, उपासतापास नाहीत, नवससायास नाहीत. वडील म्हणायचे, "अगं, केरसुणीचा आणि एसटीच्या चाकाचा काय संबंध? उद्या विहारात कुणी विचारलं तर मी काय सांगू?" आई म्हणायची, "यात देव कुठं आला? माणूस वाटंवर हाय. त्याची पावलं घरात हायत. ती झाडून बाहेर कशी टाकायची? पोचू द्या की त्याला." वडील पुन्हा हसायचे. कुणाचं बरोबर ते मला कळायचं नाही, पण मी तेव्हा लहान होतो आणि मला ते कळायला हवं असं वाटत नव्हतं.

पुढे मी शिकलो. आई मुरबाडच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. त्याच शाळेत मी सातवीपर्यंत होतो. रांगेत माझी पाळी आली की ती माझ्याकडे बघायची नाही आणि डाव इतरांइतकाच भरायची. घरी आल्यावर म्हणायची, तिथं मी तुझी आई नसते. त्या चुलीपुढच्या धुराने तिचे डोळे कायमचे लाल झाले. तिच्या त्या कष्टांवर मी बारावी झालो, मग कल्याणच्या कॉलेजातून बी.कॉम. आमच्या सगळ्या भावकीत पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी शेजारी आले तेव्हा वडील, "बसा, साहेब आतमध्ये आहेत," असं म्हणाले आणि स्वतःच लाजले.

तेव्हापासून घरात माझा शब्द शेवटचा. औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, डॉक्टर काय म्हणाले, कुठली गाडी कुठे थांबते, हे सगळं माझ्याकडे. "तू बघ, तू शिकलेला." वडील गेल्यावर तर आईने कुठल्याही गोष्टीची दुसरीकडे चौकशी करणं बंदच केलं. मी म्हणालो म्हणजे झालं. मला याचा अभिमान वाटायचा, हे सांगायला हवं. एवढ्या कष्टांच्या बदल्यात मी तिला निदान भरवशाचा शब्द देतो, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

आम्ही आता शहाडला राहतो, स्टेशनपासून नदीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. मी ठाण्यात बाळकुमला एका मोठ्या गृहसंकुलाच्या कार्यालयात व्यवस्थापक आहे. पाण्याचे टँकर, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगवरची भांडणं, हे माझं काम. तिथल्या निम्म्या घरांतली मुलं परदेशात. कार्यालयात येणारे ज्येष्ठ नागरिक विमानांबद्दल असे बोलतात, जसे आम्ही कल्याण-मुरबाड एसटीबद्दल बोलायचो. कुठली गाडी बरी, कुठे बसायला जागा चांगली मिळते, कुठे जेवण बेचव. मी ते ऐकत आलो होतो. त्यामुळे मला वाटायचं, विमानातलं आपल्याला बरंच कळतं. प्रत्यक्षात मी विमानात कधी बसलेलो नाही.

बहिणीने नर्सिंग केलं, कल्याणला एका रुग्णालयात काही वर्षं काढली, परीक्षा दिल्या आणि कॅलगरी नावाच्या शहरात वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका ठिकाणी तिला नोकरी लागली. कॅलगरी हे नाव आईला म्हणता यायचं नाही. ती "तिचं गाव" म्हणायची.

तर त्या रविवारी आईने विचारल्यावर मी मोबाईल काढला. मुंबई ते कॅलगरी किती लांब, असं विचारलं. नकाशा उघडला. मुंबईवरून एक रेघ निघाली आणि पृथ्वीच्या डोक्यावरून, बर्फाच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पलीकडे उतरली. अंतर सुमारे बारा हजार किलोमीटर. वेळ साधारण पंधरा तास. मग मी बहिणीचं तिकीट उघडून बघितलं. सगळ्यात वरच्या ओळीत लिहिलं होतं, मुंबईहून पहाटे अडीच, कॅलगरीला संध्याकाळी पाच. अडीच ते पाच, साडेचौदा तास. दोन्ही हिशोब जुळले. गणिताच्या पेपरात ताळा जुळल्यावर होतो तसा मला आनंद झाला.

"पंधरा तास," मी म्हणालो. "रात्री अडीचला सुटेल, संध्याकाळी पाचला टेकेल."

"मधी कुठं थांबत नाय?"

"लंडनला थांबतं. पण ते या वेळेत धरलेलं असतं."

मला वाटत होतं, एसटी जशी टिटवाळ्याच्या फाट्यावर चहासाठी थांबते, तसं विमान लंडनला थांबत असेल. उतरून पाय मोकळे करायचे आणि परत आपल्या सीटवर. ते विमान लंडनलाच संपतं, दुसरं विमान दुपारी सुटतं, आणि मोबाईलवरची ती बर्फावरून जाणारी रेघ म्हणजे नुसतं दोन गावांमधलं सरळ अंतर, त्या वाटेने तिचं विमान जाणारच नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. आणि पाच म्हणजे कॅलगरीच्या घड्याळातले पाच. हे तर मला माहीत असायलाच हवं होतं. भूगोलात रेखावृत्तांच्या धड्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. एका अंशाला चार मिनिटं, हे मी आजही झोपेत सांगेन. पण मुरबाडची एसटी ज्या घड्याळाने सुटते त्याच घड्याळाने कल्याणला पोचते, ही सवय हाडात होती. शिकलेलं सगळं त्या सवयीपुढे गेलं कुठे, कुणास ठाऊक.

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. तिला साखरेचा आजार आहे. जेवण चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तेही मीच तिला सांगितलेलं होतं. पण रीत मोडायला ती तयार नव्हती. पोरगी पहिल्यांदाच एवढ्या लांब, एकटी चाललेली. ती म्हणाली, "पाच म्हणजे चालंल. निघताना तिच्यासंगं जेवीन, मग दुसऱ्या दिवशी पाचला. तेवढं निघतं."

बहीण म्हणाली, "दादा, नक्की ना पाच?" मी तिला तिकीट दाखवलं. तिने नुसती मान हलवली. तिच्या डोक्यात त्या आठवड्यात कागदपत्रं, थंडीचे कपडे आणि रडू आवरणं एवढंच चाललं होतं. मी दाखवलं ते तिने बघितलं.

ती गेली त्या संध्याकाळी आईने वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी केली होती. तिघं जेवलो. बहीण निघताना आई जिना उतरून गेटपर्यंत आली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली आणि वर गेली. मी बहिणीला विमानतळाच्या दारात सोडून परत आलो, थोडा पडलो आणि सकाळी बाळकुमला कामावर गेलो. निघताना पाहिलं तर दारातल्या चपलांजवळ बॅगेला बांधलेल्या दोरीचा तुकडा पडलेला होता, फरशीवर पावडर सांडलेली होती. आई त्या सगळ्याला वळसा घालून चालत होती.

दुपारी चहाच्या वेळेला आमच्या संकुलातले एक निवृत्त गृहस्थ कार्यालयात आले. पूर्वी बँकेत होते, मुलगा सिएटलला. लिफ्टची तक्रार घेऊन आले होते. मी फार खुशीत होतो. त्यांच्या बरोबरीने विमानाबद्दल बोलायला मलाही आज काहीतरी होतं. मी म्हणालो, बहीण कॅनडाला गेली, आज पाचला पोचतेय.

"आज?" ते म्हणाले. "निघाली कधी?"

"रात्री अडीचला."

ते हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे मी आजही म्हणेन. "अहो, मग ते पाच तिकडचे. आपल्याकडे तेव्हा उद्याची पहाट उजाडत असेल. लंडनला बसवून ठेवतात ते वेगळंच. आमच्या मुलाच्या पहिल्या खेपेला आमच्या घरीसुद्धा अशीच धांदल झाली होती. हिने तर पोलिसांत जायचं तेवढं बाकी ठेवलं होतं." मग जाताना दारात थांबून म्हणाले, "आईंना कळवून टाका हो. वाट बघत बसतील."

मी हो म्हणालो. फोन हातात घेतला. आईचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

त्यानंतरचा तास मी कसा काढला ते मला नीट आठवतं. मी स्वतःला सांगत होतो की आईला खरं सांगितलं तर ती उद्या पहाटेपर्यंत जेवणार नाही, आणि तिची साखर उतरली तर जबाबदार कोण. हे कारण खोटं नव्हतं. कुणालाही पटलं असतं. पण त्याच्या खाली दुसरं कारण होतं आणि ते जास्त वजनदार होतं. इतक्या वर्षांत मी आईला कधीच म्हटलं नव्हतं की मला कळलं नाही, माझं चुकलं. पदवी मिळाल्यापासून नाहीच. ती ज्या एका गोष्टीवर डोळे मिटून टेकली होती, ती मला तिच्या हातून काढून घ्यायची नव्हती. की मला ती माझ्या हातून जाऊ द्यायची नव्हती? मी आईची काळजी घेत होतो की माझ्या शिकलेपणाची, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. कार्यालयात माणसं येत-जात होती. मी लिफ्टवाल्याला फोन केला, टँकरवाल्याला केला.

पाच वाजले. मी आईला फोन लावला आणि म्हणालो, "पोचली ती. आत्ताच माझ्याकडे फोन आलेला. तू जेव आता."

आई म्हणाली, "बरी हाय ना?"

"एकदम बरी."

"मला नाय केला?"

"तिथला नंबर अजून मिळालेला नाही. कुणाचा तरी घेऊन केलेला, घाईत होती."

एक खोटं सांगितलं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं, हे मला तेव्हा कळलं. आणि दुसरं किती सहज सापडतं हेही कळलं. "चल, घर झाडते," आई म्हणाली. तिच्या आवाजात एवढं सुख होतं की मला क्षणभर वाटलं, मी चांगलंच केलं.

पुढचं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. आईने सगळं घर झाडलं, कोपऱ्यांतून, खाटेखालून, बहिणीचं कपाट हलवून. केर भरून खाली नेऊन टाकला. मग पिठलं केलं, काकूंनाही वाटीभर दिलं आणि जेवायला बसली. जेवून हात धुतला तोच मोबाईल वाजला. बहीण होती, चेहरा दिसणाऱ्या फोनवर. ती लंडनच्या विमानतळावर बसलेली होती. सकाळपासून तिथलं इंटरनेट तिला जोडता येत नव्हतं, शेवटी कुणीतरी एका मुलीने जोडून दिलं. ती खुशीत होती. फोन फिरवून आईला दुकानं दाखवत होती, काचेपलीकडची विमानं दाखवत होती.

आई म्हणाली, "छान हाय गं तुझं गाव."

"हे कुठं माझं गाव? हे लंडन. पुढचं विमान अजून सुटायचंय. अर्धंपण नाही झालं, आई. तू जेवलीस का? दादाने सांगितलं ना तुला, उद्या पहाटे म्हणून?"

बहिणीला लंडनच्या फलकावर वेळा बघून सगळं उमगलं होतं. मलाही ते उमगलं असणार, असं तिने गृहीत धरलं. काकू सांगत होत्या, आई एवढंच म्हणाली, "हो, सांगितलं. नीट जा." आणि फोन काकूंच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मी घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. फरशी लख्ख होती. चपला सरळ लावलेल्या होत्या. आई खाटेवर बसली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "ती वाटंवर हाय अजून."

मी म्हणालो, "आई, मी…"

"मी केर काढला," ती म्हणाली. "सगळा काढला. खाली नेऊन टाकला."

तिने मला रागावून काही विचारलं नाही. तू खोटं का बोललास, असंही नाही. तेवढं विचारलं असतं तर मी साखरेचं कारण सांगितलं असतं, माझी सुटका झाली असती. ती नुसती स्वतःच्या हातांकडे बघत होती. जणू चूक त्या हातांची होती. मी तिला समजावायला लागलो. विमानं किती सुरक्षित असतात, केरसुणीचा आणि विमानाचा काय संबंध, आपण असलं काही मानणारी माणसं नाही. बोलता बोलता मला ऐकू आलं की मी वडलांचीच वाक्यं म्हणतोय. फक्त वडील ती हसत म्हणायचे आणि तेव्हा त्यांनी तिला फसवलेलं नसायचं.

रात्रीची गोळी तिने घेतली नाही, कारण गोळी घेतली की खावं लागतं. पहाटे बहिणीचा फोन आला. पोचली होती. एक बॅग मागे राहिली होती, ती दोन दिवसांनी येणार होती, बाकी सगळं ठीक. आईने फोन कानाला लावला, ऐकलं, मला दिला आणि भिंतीला धरून उठली. तिला घेरी आली. मी साखरेचं पाणी पाजलं, ती प्यायली. डोळे मिटून प्यायली.

नंतर बहिणीने मला फोनवर एकट्याला विचारलं, "दादा, तू आईला काय सांगितलेलंस?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारायचंस ना रे. मेसेज टाकून ठेवायचास, नेट लागल्यावर मी बघितलाच असता." तिच्या सरळ मनाला हे कळेना की मी कुणालाच विचारू शकत नव्हतो, विचारायची सवयच मला कुणी ठेवली नव्हती, आणि मीही ठेवली नव्हती.

घरात बदल एवढासाच झाला. आई मला आता वेळा विचारेनाशी झाली. मावशीकडे जायचं तर शेजारच्या काकूंच्या मुलीला गाडी विचारायची. डॉक्टरांनी सांगितलेलं मी घरी येऊन पुन्हा सांगितलं की "बरं" म्हणायची, आणि पुढच्या वेळी तेच डॉक्टरांना स्वतः विचारायची. माझ्यासमोर, अगदी साधेपणाने. "हा म्हणतो गोळी सकाळी. सकाळीच ना?" डॉक्टर हो म्हणायचे. मी बाजूच्या खुर्चीत बसलेला असायचो. तिच्यात टोचणी नव्हती. एखादी पायरी निखळलेली असली की आपण तिच्यावर पाय देत नाही, तसं ते होतं.

पहिल्याच हिवाळ्यात बहीण तिथे बर्फावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. फोनवर ती हसून सांगत होती, इथे सगळेच पडतात म्हणे. आईने विचारलं, "कुठला हात?" "उजवा." फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पण मी तिच्याकडे बघत होतो आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला एखाद्या पाटीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. केर काढला ना मी.

मी विहारात मुलांचा वर्ग घेतो. कारण असल्याशिवाय कार्य होत नाही, हे मी त्यांना फळ्यावर समजावतो. मनगट मोडल्यानंतरच्या रविवारीही समजावलं. बर्फ निसरडा असतो म्हणून माणूस पडतो, शहाडच्या फरशीवर झाडू फिरवला म्हणून नाही. मला हे शंभर टक्के पटतं. तरी त्या दिवशी फळ्यावरचं तेच वाक्य मी दोनदा पुसून लिहिलं. आईच्या मनात तो दोष मी घालून ठेवला होता. तो खोटा दोष आहे, हे तिला पटवून द्यायला भरवशाचा माणूस लागतो. आणि तो माणूस मी राहिलो नव्हतो.

गेल्या वर्षी बहीण पहिल्यांदा सुट्टीवर आली. महिनाभर राहिली. मनगट बरं झालंय, पण भाकरी थापताना अजून दुखतं, असं ती म्हणाली. आईने तिच्या हातातून परात काढून घेतली. ते दिवस फार चांगले गेले. परत जायची तारीख जवळ आली तशी मी तिचं तिकीट रोज उघडून बघायला लागलो. या वेळी मी सगळं नीट करायचं ठरवलं होतं. बहिणीबरोबर बसून दोन्ही विमानांच्या वेळा समजून घेतल्या, आपल्या घड्याळात बसवल्या. आईसमोर जाऊन बसलो आणि सांगितलं: अमुक वाजता लंडन, तिथे इतका वेळ बसून राहणं, मग दुसरं विमान, आणि परवा पहाटे आपल्याकडे फोन. उशीरही होऊ शकतो. किती होईल ते मला माहीत नाही. मला माहीत नाही, हे शब्द मी तिच्यापुढे बहुधा पहिल्यांदाच उच्चारले. मी दोन दिवसांची रजाही टाकली होती. ती उपाशी राहील तर मी जवळ असेन, साखर मोजेन, काय लागेल ते करीन. पण तिला तिच्या रीतीने वाट बघू देईन.

आईने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली.

बहिणीला सोडून आल्यावर मी झोपलो. सकाळी जाग आली ती केरसुणीच्या आवाजाने. आई घर झाडत होती. बहीण तेव्हा अजून पहिल्याच विमानात होती, कुठल्या देशावर होती कुणास ठाऊक. मी दारात उभा राहून बघत राहिलो. आईने बहिणीच्या खाटेखालून केसांचा गुंता, तिकिटाचा फाटका कपटा, चुरमुरे असं सगळं पुढे ओढलं, सुपलीत भरलं.

"आई, ती वाटेवर आहे अजून," मी म्हणालो.

"माहीत हाय."

तिने केर नेऊन टाकला, हात धुतले, आणि नाश्त्याला तांदळाची भाकरी केली. बरोबर रात्रीची कोबीची भाजी गरम केली. दोन ताटं वाढली. स्वतः पाटावर बसली आणि पहिला घास मोडला. मी उभाच होतो.

"आई, तू थांबलीस तरी चालेल. मी घरीच आहे. मी खरंच सांगितलंय या वेळी."

"मला माहीत हाय, खरं सांगितलंस," ती म्हणाली. घास चावून गिळेपर्यंत ती थांबली. "पण तिला पोचायला लागतात दोन दिस. तेवढं मी बसले उपाशी, तर तुला बघवायचं नाय. मग तू परत काहीतरी बोलून बसशील. त्यापरीस मी जेवते."

"नाही बोलणार, आई."

"बोलशील रे. जीव हाय तुझा माझ्यावर, म्हणून बोलशील." तिने माझ्या ताटाकडे बोट केलं. "बस. निवतंय. तू तर काय मानत नाहीस."

हे ती टोमणा म्हणून बोलली की साधं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मला हवं होतं ते झालं होतं. ती वेळेवर जेवत होती, वेळेवर गोळी घेणार होती. डॉक्टरांना ऐकून आनंद झाला असता. आणि लेक आकाशात असताना तिच्यासाठी करण्यासारखं जे एवढंसं तिच्या हातात होतं, ते तिने माझ्यासाठी सोडून दिलं होतं. आयुष्यभर तिने माझ्यासाठी काय काय सोडलं ते मी लोकांना अभिमानाने सांगत आलो. हे एक मात्र मला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी तिच्यासमोर बसलो आणि जेवलो. ती वाढत होती तेवढं जेवलो. तिने पूर्ण भाकरी खाल्ली, ताटात हात धुतला, गोळी घेतली आणि दोन्ही ताटं उचलून मोरीत नेली.